दामिनीची जानेवारीतली पावडर

माझ्या खोलीच्या दारावर मी स्वतः पाटी लावली आहे : ‘सॅम्पल पुडीत आणू नये.’ तरी लोक पुडीतच आणतात. एकानं तर तंबाखूचा खर्रा बांधतात त्या पन्नीत आणलं होतं. त्याला मी असा झापला की तो पुन्हा आलाच नाही. आता नागपूरला जातो म्हणे. जाऊ दे, नागपूरवाल्यांचं नशीब.

मी धर्मपाल. अमरावतीच्या एका कॉलेजात एक्सआरडीची मशीन चालवतो. कॉलेजचं नाव सांगत नाही, उगीच प्राचार्यांचा फोन यायचा. मशीनचं काम सोपं आहे. तिच्यात पावडर ठेवायची, वरून क्ष-किरण सोडायचे, की स्क्रीनवर शिखरांची एक रांग उमटते. प्रत्येक पदार्थाची रांग वेगळी, माणसाच्या अंगठ्यासारखी. या मशीनसाठी माझ्या खोलीत एसी आहे. कॉलेजात एसी दोनच, एक प्राचार्यांचा आणि एक माझ्या मशीनचा. त्यामुळे मे महिन्यात लोकांना माझी फार आठवण येते. कोणी ‘सर, सहज आलो’ म्हणत आत शिरला की मी त्याला सहजच बाहेर काढतो.

दामिनीला मात्र मी कधी बाहेर काढलं नाही. ही पोट्टी पहिल्या दिवसापासून काचेच्या छोट्या बाटलीत सॅम्पल आणायची. बाटलीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव, तारीख, सगळं. मी म्हटलं, चला, एक तरी माणूस आईबापानं नीट वाढवलेलं दिसलं.

ती अंजनगाव सुर्जीची. तिचे वडील पंजाबराव भाजी पिकवतात आणि बाजारात स्वतःच बसून विकतात. घरात एम.एस्सी. झालेली ही पहिलीच. थोडे दिवस कोचिंग क्लासमध्ये शिकवलं, मग पीएच.डी.ला लागली. स्कूटीवर तोंडाला स्कार्फ गुंडाळून यायची, आणि स्कार्फ सुटायच्या आधीच तिचं बोलणं सुरू व्हायचं. हसायची तर व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचं. कधी घरून येताना माझ्यासाठी वांगी आणायची, काटेरी देठाची, ताजी. मी म्हणायचो, ‘ही लाच आहे काय?’ ती म्हणायची, ‘लाच असती तं सर, सोबत भरताची कोथिंबीर बी आनली असती.’

तिचं काम होतं मॉफचं. पूर्ण नाव मेटल-ऑर्गॅनिक फ्रेमवर्क. आपण मांडव घालतो ना, तसं समजा. धातू म्हणजे गाठी, सेंद्रिय रेणू म्हणजे बांबू, आणि मधे मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेत नको ती वस्तू अडकवायची. दामिनीला विहिरीच्या पाण्यात उतरलेलं फवारणीचं औषध अडकवायचं होतं. एका बाटलीत जस्ताच्या क्षाराचं पाणी, दुसरीत सेंद्रिय रेणूचं. दोन्ही एकत्र केली की दुधासारखं पांढरं होतं आणि हळूहळू तळाशी पावडर बसते. संध्याकाळी वॉचमन लॅबला कुलूप लावतो, सकाळी उघडतो. म्हणून बाटली रात्रभर टेबलावर ठेवायची आणि सकाळी गाळायची. आमच्याकडे सगळे असंच करतात.

गेल्या जानेवारीत तिनं जी पावडर आणली, तिची शिखरं पाहून मी चष्मा पुसला. पुस्तकात या मॉफची जी रांग दिलेली आहे, ती ही नव्हतीच. वेगळीच रांग, स्वच्छ, एकेक शिखर उभं. मी तिला विचारलं, ‘काय घातलं यात?’ ती म्हणाली, ‘जे रोज घालतो तेच.’ आणि हीच पावडर पाण्यातलं औषध इतकं ओढून घ्यायची, की तिच्या गाइडनी, शेखर सरांनी, तपासणी पुन्हा करायला लावली. पुन्हा तेच आलं. फेब्रुवारीत अकोल्याच्या एका परिषदेत तिला पहिलं बक्षीस मिळालं. माझ्यासाठी पेढे आणले. मशीनच्या खोलीत खाणंपिणं चालत नाही, पण त्या दिवशी मीच दार लावून दोन पेढे खाल्ले.

इथपर्यंत सगळं गोड होतं. अकोल्याला परीक्षकांत रागिणी मॅडम होत्या. या विषयातल्या जाणत्या बाई. दामिनीच्या प्रबंधाच्या समितीवरही त्याच होत्या. त्यांनी तिची कृती एप्रिलमध्ये अकोल्याच्या आपल्या लॅबमध्ये करून पाहिली. नाही झालं. नेहमीचीच पावडर मिळाली, पुस्तकातली. त्यांनी शेखर सरांना कळवलं : समितीच्या बैठकीआधी ताजं सॅम्पल बनवून दाखवा.

दामिनी म्हणाली, त्यात काय, उद्या देतो. आणि तिलाही झालं नाही. दुसऱ्यांदा नाही, तिसऱ्यांदा नाही. एप्रिल गेला, मे आला, आणि दर वेळी माझ्या स्क्रीनवर तीच पुस्तकी रांग. जानेवारीची पावडर तर तपासण्यांत केव्हाच संपली होती. ती रोज यायची, स्क्रीनकडे पाहायची आणि ‘बरं’ म्हणून जायची. हसणं बंद झालं. वांगी बंद झाली. मला वांग्यांचं काही नाही हो, पण त्या पोरीचं ‘बरं’ ऐकवत नव्हतं.

मग सुरू झाली कुजबुज. आपल्या लोकांना एवढंच पाहिजे असतं. कोणी म्हणे विकतची पावडर आणून बाटलीत भरली, कोणी म्हणे दुसऱ्याचा आलेख स्वतःच्या नावावर लावला. आलेख मी काढला होता, माझ्या हातानं, माझ्या मशीनवर! मी दोघातिघांना चांगलंच फैलावर घेतलं. पण तोंडं किती बंद करणार? तिचा कोणी नातेवाईक अमरावतीत शिकत होता, त्यानं ही बातमी अंजनगावच्या बाजारापर्यंत पोचवली.

एक दिवस दुपारी माझ्या दारात एक म्हातारे गृहस्थ उभे. धोतर, टोपी, हातात कापडी पिशवी. चप्पल बाहेर काढून आत आले.

‘धर्मपाल सायेब तुमीच काय? मी पंजाबराव. दामिनीचा बाप.’

मी खुर्ची दिली. ते बसले नाहीत.

‘मले येकच इचाराचं हाय. माह्या पोरीनं खोटं केलं काय?’

मी काही बोलणार तोच ते पुढे म्हणाले, ‘सायेब, मी बजारात बसतो. आजपावतो माह्या टोपल्यात वरतं चांगलं अन् खालतं सडकं, असं कोनी दाखवून द्यावं. अन् आता लोकं माह्या तोंडावर म्हनून राह्यले का तुह्या पोरीनं दुसऱ्याचा माल लावला. मशीन तुमी चालवता. तुमाले मालूम असन.’

आता काय सांगावं माणसानं? मला गोड बोलता येत नाही. खरं तेच सांगितलं. ‘पंजाबराव, मशीन खोटं बोलत नाही. जानेवारीत तिनं जे आणलं त्याची शिखरं खरी होती. पण ते तिनं कसं बनवलं, हे मशीनले मालूम नसते. मलेही नाही. माझं मन म्हणते, पोरगी खरी आहे.’

‘मन म्हनते,’ ते म्हणाले. ‘म्हंजे डोयानं पाह्यलं नाई.’

‘नाही.’

‘मंग झालं.’

मी म्हटलं, ‘वरच्या मजल्यावरच आहे, बोलावतो तिला.’ त्यांनी मान हलवली. ‘नोका बलावू. काय बोलू तिच्यासंग?’ आणि चप्पल घालून निघून गेले. जाताना पिशवी मात्र माझ्या टेबलावर ठेवली. आत तिच्यासाठी शिदोरी होती, भाकरी आणि ठेचा. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. स्वतःच्या लेकीला विचारायचं सोडून मशीनवाल्याला विचारायला इतक्या दूर आले होते.

संध्याकाळी मी पिशवी दामिनीला दिली. तिनं ती उघडली, गाठ पाहिली आणि ओळखली.

‘बाबा आलते?’

‘हो.’

‘मले न भेटता गेले?’

ती तिथंच स्टुलावर बसली. रडली नाही. त्या गाठीकडे पाहत म्हणाली, ‘सर, अख्ख्या दुनियेनं चोर म्हनलं तरी चालते. पन बाबाले वाटून राह्यलं का मी खोटी हाय. मी काय करू आता?’

मी म्हटलं, ‘जेव आधी.’

दुसऱ्या दिवशी मी खोली उघडायला आलो तर ही दारात. डोळे सुजलेले, पण चाल बदललेली.

‘सर, मी येवढे दिवस इचारून राह्यली का थे येत कावून नाई. अन् येऊन गेलं असन तं?’

‘म्हणजे?’

‘म्हंजे मी रात्रभर बाटली ठेवतो अन् सकाळी पाहतो. मधात काय झालं ते कोनी पाह्यलं? आज मी दोन्ही पानी सकाळीच मिसळतो, अन् दर थोड्या वेळानं थोडं काढून, गाळून, धुवून तुमाले आनून देतो. तुमी लावत जा.’

‘दिवसभर?’

‘दिवसभर.’

‘मशीन आहे ही, पाणीपुरीचा ठेला नाही,’ मी ओरडलो. पण बाकीच्यांना फोन करून सांगितलं की आज मशीन बिघडली आहे.

पहिलं सॅम्पल आलं. स्क्रीनवर एकही शिखर नाही, नुसता फुगवटा. म्हणजे गाठी आणि बांबू एका जागी आले होते, पण मांडव उभा राहिला नव्हता. मी म्हटलं, कचरा आहे. ती म्हणाली, असू द्या. दुसरं आलं. मी मशीन सुरू केली, चहाचा कप तोंडाला लावला आणि खाली ठेवला. एक शिखर वर आलं. मग त्याच्या शेजारचं. जानेवारीची फाइल काढून मी वर ठेवली. रेघेवर रेघ बसली. अंगावर काटा आला माझ्या, खरं सांगतो. ‘दामिनी!’ मी अशी हाक मारली की शेजारच्या खोलीतले लोक धावत आले, काय शॉक लागला काय म्हणून.

ती आली, पाहिलं आणि फरशीवर बसली. तोंडावर दोन्ही हात.

पण तिनं सॅम्पलं आणणं थांबवलं नाही. पुढच्या बाटलीत जानेवारीची शिखरं थोडी खुजी झालेली आणि त्यांच्या बाजूला पुस्तकातली शिखरं डोकं वर काढणारी. त्याच्या पुढच्या बाटलीत अर्धी-अर्धी. दुपार कलेपर्यंत जानेवारी पुसली गेली आणि पुस्तक उरलं.

लाडवाचा पाक असतो ना, तसला प्रकार. एकतारी पाक हा काही शेवट नाही, मधला टप्पा आहे. आच राहिली की तो पुढे जातो, तुम्ही पाहा की नका पाहू. दामिनीची जानेवारीतली पावडर हा असा मधला टप्पा होता. जानेवारीच्या थंडीत रात्रभर तिथंच अडकून राहिला, आणि सकाळी हिनं गाळून घेतला. एप्रिल-मेमध्ये तो दर वेळी आला आणि कुलपाआड निघून गेला. कृतीत काय लिहिलं होतं? ‘रूम टेंपरेचरला ठेवा.’ परदेशातल्या पेपरातून उतरवलेली ओळ. त्यांची रूम बारा महिने सारखी. आमची रूम जानेवारीत हुडहुडी आणि मेमध्ये तवा. आम्ही दिवसभर ‘काय ऊन आहे बाप्पा’ करत बसतो आणि कागदावर बिनदिक्कत रूम टेंपरेचर लिहितो. अकोल्याच्या रागिणी मॅडमनीही तेच केलं. अमरावती-अकोल्यात जन्म काढलेल्या एवढ्या शहाण्या माणसांत एकाच्याही डोक्यात हे आलं नाही. त्यात मीही आलोच, आणि तेही एसीत बसून.

मला वाटलं, ती आता नाचेल. ती स्क्रीनकडे पाहत म्हणाली, ‘सर, म्हंजे थे टिकत नाई.’

‘नाही टिकत तर नाही टिकत. तू खरी ठरली ना!’

‘मी खरी ठरली. पन मी तं लिवलं का हे पक्कं हाय, टिकाऊ हाय, विहिरीच्या पान्यात वापरता येते. कोमट पान्यात दुपारपावतो बी नाई राह्यलं थे. माह्यं कामच गेलं न सर.’

शेखर सर आले. आलेख पाहून त्यांचा जीव भांड्यात पडला. माणूस वाईट नाही, पण बिचाऱ्याच्या मागंही शंभर तगादे. ते म्हणाले, ‘धर्मपालच्या एसीत बनव, वेळेवर गाळ, वाळव, अकोल्याला दे. त्यांनी सॅम्पल मागितलं आहे, सॅम्पल मिळेल. विचारतील तेवढंच सांगायचं. बाकी पुढच्या पेपरात बघू.’

दामिनी खाली मान घालून उभी. मला राहवलं नाही. ‘सर, हे तर टोपलीत वरून चांगलं लावल्यासारखं झालं,’ मी बोललो. शेखर सरांना ते काही कळलं नाही. तिला कळलं. तिनं मान वर केली आणि माझ्याकडे असं पाहिलं की बाबा माझ्याकडे येऊन काय बोलून गेले ते मी सांगायची गरजच उरली नाही. तरी तिनं होकार-नकार दिला नाही. दोन दिवस माझ्याकडे आलीच नाही. पीएच.डी. हातातोंडाशी आलेली असताना हा निर्णय मी तरी घेतला असता की नाही, देव जाणे.

बैठकीच्या दिवशी मलाही बोलावणं होतं, जुन्या फाइली दाखवायला. अकोल्याला पोचलो तेव्हा उन्हानं रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. दामिनीच्या हातात पिशवी. मी आत डोकावलो. एसीत बनवलेल्या पावडरीची बाटली होती, आणि तिच्या शेजारी दोन वेगवेगळ्या बाटल्या, दोन्हींत नितळ पाणी. मी काही विचारलं नाही.

विभागाच्या दारासमोर बदामाच्या झाडाखाली पंजाबराव बसले होते. तिनं कळवलं नव्हतं. आईकडून तारीख कळली असणार. ती थबकली. ते उठले, पुन्हा बसले. ‘ऊन लय हाय,’ एवढंच म्हणाले. ती म्हणाली, ‘हो बाबा,’ आणि आत गेली.

आत एसी नव्हता, कूलर होता आणि तो गरम वाराच फेकत होता. रागिणी मॅडमनी हात पुढे केला. ‘आण सॅम्पल.’

दामिनीनं पावडरीची बाटली टेबलावर ठेवली. शेखर सरांनी सुस्कारा सोडला. मग ती म्हणाली, ‘मॅडम, हे सॅम्पल थंड खोलीत बनवलंय. पण ते बघायच्या आधी मला तुमच्यासमोर इथल्या गरमीत एकदा बनवू द्या. मायक्रोस्कोप लागेल.’ शेखर सरांनी डोळे मिटून घेतले.

तिनं दोन्ही पाणी एकत्र केली. दुधासारखं झालं. थोडं थांबून एक थेंब काचपट्टीवर ठेवला आणि ती बाजूला झाली. रागिणी मॅडम वाकल्या. खूप वेळ वाकून राहिल्या. ‘पानं,’ त्या म्हणाल्या. मग मी पाहिलं. खरंच पानं. कडुनिंबाच्या पानासारखी, दोन्हीकडे टोकदार, नितळ, एकावर एक पडलेली. इतके दिवस मी त्यांची शिखरं मोजत होतो, त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो.

मग प्रश्न झाले, माझ्या फाइली झाल्या, चहा झाला. त्याच बाटलीतला दुसरा थेंब. पानांच्या कडा कुरतडल्यासारख्या, मधेमधे बारीक दाणे. आणखी बोलणं, आणखी प्रश्न. तिसऱ्या थेंबात नुसते दाणे. एक पान नाही.

‘हे माझं बक्षीस मिळालेलं काम,’ दामिनी म्हणाली. ‘ते होतं. मी खोटं केलं नाही. पण मी त्याला टिकाऊ म्हटलं, ते चूक होतं. आपल्याकडच्या विहिरीच्या पाण्यात ते उन्हाळ्यात एक दिवसही राहणार नाही.’

रागिणी मॅडमनी चष्मा काढला. ‘माझ्याकडे झालं नाही म्हणून मी शंका घेतली. शंका घेणं माझं काम होतं. तुझ्याबद्दल जे बोललं गेलं ते कोणाचंच काम नव्हतं.’ मग त्यांनी सांगायचं ते सांगितलं. बक्षीस परत जाईल. मुख्य प्रकरण नव्यानं लिहावं लागेल, टिकाऊ पदार्थ म्हणून नव्हे, तर ही मधली अवस्था कशी येते आणि कशी जाते यावर. म्हणजे आणखी निदान एक वर्ष. दामिनी प्रत्येक वाक्याला मान हलवत होती.

बोलता बोलता मॅडमचं लक्ष खिडकीबाहेर गेलं. ‘झाडाखाली कोण बसलंय केव्हाचं?’

‘माझे बाबा,’ ती म्हणाली.

मॅडम स्वतः उठून बाहेर गेल्या आणि त्यांना आत घेऊन आल्या. ‘या, काका. तुमच्या मुलीनं काय शोधलं ते पाहा.’ पंजाबरावांनी टोपी काढून हातात घेतली आणि मायक्रोस्कोपवर वाकले. एक डोळा मिटला, मग दुसरा. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की काचपट्टीवर आता एकही पान उरलेलं नाही.

‘काय दिसून राह्यलं बाबा?’ दामिनीनं विचारलं.

‘बारके बारके दाने हाय. साखरीवानी.’

‘तेच्यात पानं होते बाबा. निंबाच्या पानावानी. आत्ता होते.’ तिचा आवाज घाबरा झाला. ‘दोन मिनिटं थांबा, मी पुन्हा मिसळतो, तुमाले दाखवतो.’ ती बाटल्या शोधायला लागली.

पंजाबराव सरळ झाले आणि त्यांनी तिचा हात धरला.

‘राहू दे,’ ते म्हणाले. ‘मले नाई पाहाचं. तू म्हनतं न होते, मंग होते.’

दिवसभर सगळ्यांसमोर कोरड्या डोळ्यांनी उभी राहिलेली ती पोट्टी बापाच्या गळ्यात पडून अशी रडली, की कूलरचा आवाजही ऐकू येईना.